भुताला रजा

नाशिककरांना शिक्क्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून सरकारची तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात, आणि करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा. कागदाला स्वतःची अशी किंमत नसते, जी काय असते ती वर उठवलेल्या छापाची, हे गहन तत्त्वज्ञान त्यामुळे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दहाच्या नोटेला 'बाई गं, तू आतून कशी आहेस?' असं आजवर एकाही वाण्याने विचारलेलं नाही.

माणसांचंही तेच. आळीतल्या सत्यनारायणाला एखाद्याने एकदा बरा शिरा केला, की पुढची चाळीस वर्षं तो कढईपाशी. त्याला पेटी वाजवता येत होती हे लोकांना त्याच्या दहाव्याला कळतं. लेखक मंडळींची अवस्था तर याहून कठीण. विनोदी लेखकाने गंभीर काही लिहिलं तर वाचक पानोपानी हसायची जागा शोधत राहतो आणि शेवटी 'या खेपेला जमलं नाही बुवा' म्हणून पुस्तक मिटतो. काही भाग्यवान यातून सुटतात. आमच्या कुसुमाग्रजांनी कविता लिहिल्या, नाटकं लिहिली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. पण 'तात्यासाहेब, तुमचं नेमकं खातं कोणतं?' असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पण लेखकाने एकदा भूत काढलं, की खेळ संपला. मग ते भूत मानगुटीवरून उतरत नाही. नारायण धारपांनी (१९२५ ते २००८) विज्ञानकथाही लिहिल्या; पण धारप म्हटलं की वाचक आधी उठून खोलीतला दिवा लावतो. रत्नाकर मतकरींनी (१९३८ ते २०२०) मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं, 'लोककथा ७८'सारखं अंगावर येणारं नाटक लिहिलं, बालरंगभूमीसाठी उभी हयात वेचली. पण लग्नाच्या पंगतीत त्यांचं नाव काढून पाहा. शेजारच्या पाटावरचा गृहस्थ जिलबी मोडत म्हणणार, "म्हणजे ते गूढकथावाले ना?" या 'वाले'त सगळं आलं. भाजीवाले, रद्दीवाले, गूढकथावाले.

या वाल्यांची पुस्तकं मध्यमवर्गीय घरात वाचायची एक खास रीत आहे. काचेच्या कपाटात पुढल्या रांगेत 'ययाति' आणि 'मृत्युंजय', मागल्या रांगेत धारप. पुढल्या रांगेवर धूळ आणि मागल्या रांगेची पानं सुटलेली. घरातलं आवडतं पुस्तक कोणतं, हे खरं तर बाइंडरला विचारावं, समीक्षकाला नव्हे. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी आळी त्यांना 'सर' म्हणते. सरांच्या हातातल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर दिसलं की ते हमखास भयकथेचं असतं. "वाचनालयाचं पुस्तक आहे हो, खराब व्हायला नको," असा त्यांचा खुलासा. ज्ञानेश्वरीला ते कव्हर घालत नाहीत. ती खराब होत नसावी.

एवढी प्रस्तावना करण्याचं कारण म्हणजे स्टीफन किंग या अमेरिकन गृहस्थांचं 'डिफरंट सीझन्स' हे पुस्तक. १९८२ साली निघालं. किंगवर भयकथेचा शिक्का किती घट्ट बसलाय, हे वेगळं सांगायला नको. १९७४ साली 'कॅरी', १९७५ साली 'सेलम्स लॉट', १९७७ साली 'द शायनिंग'. पहिल्यात नुसत्या मनाने वस्तू उडवणारी मुलगी, दुसऱ्यात रक्तपिपासू, तिसऱ्यात झपाटलेलं हॉटेल. तीन पुस्तकांत शाई वाळली. यातल्या 'सेलम्स लॉट'शी तर आपला घरोबा आहे, कारण धारपांची 'लुचाई' त्यावरच बेतलेली. म्हणजे ज्यांनी किंगचं नाव ऐकलेलं नाही, त्यांनीही किंगपायी एक रात्र पांघरुणात डोकं खुपसून काढली असण्याचा संभव आहे.

आपल्या लेखकावर असा शिक्का बसणार, ही काळजी पहिल्यांदा त्याच्या संपादकाला वाटली. हे किंगनेच या पुस्तकाच्या अखेरीस सांगून टाकलंय. किंगने 'बसला तर बसू दे' म्हटलं आणि कामाला लागला. पण प्रत्येक मोठी कादंबरी संपली की त्याच्या अंगात थोडी वाफ शिल्लक राहायची. पुरणपोळ्या आटोपल्यावर परातीत उरलेल्या कणकेची आई एक छोटी पोळी लाटते, तशी त्या वाफेवर तो एक लांबशी गोष्ट लिहायचा. 'सेलम्स लॉट' संपल्यावर एक, 'शायनिंग' संपल्यावर एक, अशा चार जमल्या. गंमत पाहा, जिच्यातून आपल्याला 'लुचाई' मिळाली त्याच परातीतल्या उरल्या कणकेतून 'द बॉडी' ही गोष्ट निघाली, आणि तिच्यात औषधालाही भूत नाही. चारही गोष्टींत मिळून भुताटकी म्हणावी अशी शेवटच्या गोष्टीतली काही पानं. बाकी भुताला रजा.

मग या गोष्टी इतकी वर्षं टेबलाच्या खणात का पडून होत्या? कारण त्यांची लांबी. किंगच्या हिशेबाने २५ ते ३५ हजार शब्दांची गोष्ट म्हणजे ना घरची ना घाटावरची. मासिकाला ती मोठी पडते, पुस्तकाला लहान. त्या प्रदेशात तर म्हणे कायदा नाही की कानून नाही. आपल्याकडेही तिला काय म्हणावं याचा निकाल अजून लागलेला नाही. कुणी दीर्घकथा म्हणतं, कुणी लघुकादंबरी. एकाच्या मते ती लांबलेली आहे, दुसऱ्याच्या मते आखडलेली. नाशिकच्या माणसाला मात्र हा प्रकार चटकन समजतो. मिसळ ही न्याहारी की जेवण? रविवारी सकाळी दहाला मिसळ, सोबत पाव, पापड, दही असं सगळं झाल्यावर 'आता जेवायला काय करू?' असं घरातून विचारतात, तेव्हा माणूस जसा बघतो, तशी चांगली दीर्घकथा वाचून झाल्यावर अवस्था होते. भूक राहिलेली नसते, आणि जेवलो असंही म्हणवत नाही.

किंगची खरी अडचण अशी, की अमेरिकेत दिवाळी अंक नाहीत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी दीर्घकथेला वर्षातून एकदा का होईना, हक्काचं माहेर आहे. भय आणि गूढाची आवड असणाऱ्यांसाठी अंतरकरांचं 'नवल' होतं, 'धनंजय' होता. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'संपूर्ण कादंबरी' असं छापलेलं असायचं. 'संपूर्ण' असं मुद्दाम सांगावं लागतं तिथेच जाणत्याने समजावं. पण चकलीचा तेलकट हात पुसून दुपारी जी सुरू करावी आणि दिवेलागणीच्या आत जी संपावी, अशी गोष्ट वाचायची सवय आपल्याला आहे. म्हणून हे पुस्तक मराठी वाचकाला परकं वाटत नाही. किंगने चार दिवाळी अंकांतल्या चार 'संपूर्ण' कादंबऱ्या एकत्र बांधल्या, आणि प्रत्येकीला एकेक ऋतू वाटून दिला: वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा. पावसाळा नाही. जून ते सप्टेंबर ही माणसं काय करतात कोण जाणे.

पहिली गोष्ट तुरुंगातली आहे. आता तुरुंगाच्या गोष्टीचं नाशिककराला नवल वाटायचं कारण नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिली. महाराष्ट्राला सगळ्यांत जास्त रडवणारं पुस्तक गजाआड जन्माला आलं. किंगच्या तुरुंगात अँडी डुफ्रेन नावाचा बँकेतला अधिकारी आहे. बायको आणि तिचा मित्र यांच्या खुनाबद्दल जन्मठेप. खून त्याने केलेले नाहीत. पण तुरुंगात जो तो 'मी निर्दोष' असंच सांगत असतो, त्यामुळे जो खरोखर निर्दोष आहे त्याचीच पंचाईत. हा माणूस काय करतो? पहारेकऱ्यांचे आयकराचे कागद भरून देतो. बँकेतला माणूस पाताळात गेला तरी लोक त्याच्यापुढे फॉर्म घेऊन उभे राहतात, हे त्रिकालाबाधित सत्य किंगने अचूक टिपलंय. तुरुंगाचं वाचनालय सुधारावं म्हणून तो सरकारला दर आठवड्याला एक पत्र लिहितो. उत्तर नाही. तरी पत्र. शेवटी कितीएक वर्षांनी सरकार दोनशे डॉलर पाठवतं, तर हा आठवड्याला दोन पत्रं लिहू लागतो. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा जन्म १८४० चा. अशा संस्था पावणेदोनशेच्या वर वर्षं चालतात त्या असल्या चिवट पत्रलेखकांच्या जिवावर, हे कुठल्याही वाचनालयाचा चिटणीस शपथेवर सांगेल.

अँडीच्या कोठडीच्या भिंतीवर रीटा हेवर्थ या नटीचं मोठं चित्र आहे. वर्षं सरतात तशा नट्या बदलतात, भिंत तीच. आपल्याकडे हे घडलं असतं तर मधुबालेपासून सुरुवात होऊन मामला झीनत अमानपर्यंत आला असता. चित्रामागे काय आहे हे सिनेमामुळे आता जगाला माहीत आहे, तरी मी सांगत नाही. मुद्दा निराळाच आहे. भुताच्या गोष्टीत मेलेला माणूस ओरडून ओरडून खरं सांगत असतो आणि जिवंतांना ते ऐकू जात नाही. अँडीचं तेच झालंय. तो जिवंत आहे, हिंडतो, जेवतो, बोलतो. पण 'खुनी' हा शिक्का बसल्यापासून त्याचं बोलणं कुणाच्या कानात शिरत नाही. २७ वर्षं! किंगने इथे भूत काढलं नाही, कारण त्याची गरजच उरलेली नव्हती.

दुसरी गोष्ट 'ऍप्ट प्युपिल'. मराठीत 'होतकरू विद्यार्थी' म्हणू. टॉड हा तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या ओळखीचं बाळ. गोरा, हसरा, वर्गात हुशार, थोरांशी आदबीने बोलणारा. प्रत्येकाला काहीतरी छंद हवा, असं त्याला शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं आहे. त्याने छंद शोधला: नाझींच्या छळछावण्या. आणि आपल्या गावात खोट्या नावाने राहणारा म्हातारा म्हणजे तसल्याच एका छावणीचा जुना अधिकारी, हेही त्याने हुडकून काढलं. पोलिसांत न जाता तो म्हाताऱ्याला दम देतो: मला सगळं सांगायचं, बारीकसारीक तपशिलासकट, नाहीतर तुझं नाव फोडीन. रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. घरी सांगतो, "आजोबांना नीट दिसत नाही, त्यांना वाचून दाखवतो." आईबापांची छाती अभिमानाने फुगते.

मी हे वाचताना एकदा थांबलो आणि दाराला कडी लावली. आपल्या घरांत मुलाचं वागणं मोजायची मापं कोणती? टक्के, स्कॉलरशिप, पाहुण्यांच्या पाया पडणं. ही तिन्ही मापं लावून पाहिलीत तर टॉड पहिल्या नंबरात येतो. आत काय शिजतंय याचं माप आपल्यापाशी नाही. मधे त्याचे मार्क घसरतात, तेव्हा म्हातारा त्याचा आजोबा बनून शाळेत जातो आणि वेळ मारून नेतो. बोलणं इतकं सभ्य, कपडे इतके नीटनेटके, की शाळेतला माणूस खूश होऊन जातो. गोष्टीत पुढे रक्त पुष्कळ आहे. पण त्या रक्ताने मी एवढा दचकलो नाही, जेवढा त्या आजोबांच्या नेकटायने. अँडीवर वाईट शिक्का होता म्हणून त्याचं खरं कुणी ऐकलं नाही. टॉडवर चांगला शिक्का आहे म्हणून त्याचं खोटं सगळे ऐकतात. शिक्क्याचं हे दुसरं टोक. आणि दुसरं टोक जास्त भयंकर, कारण ते आपल्या दिवाणखान्यात फोटोच्या चौकटीत लावलेलं असतं.

तिसरी 'द बॉडी'. चार बारा-तेरा वर्षांची पोरं घरी थापा मारून रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतात. का, तर आगगाडीखाली सापडलेल्या एका मुलाचं प्रेत जंगलात पडलंय आणि ते पाहायचंय. इथे नाशिकचा वाचक जरा गोंधळतो. मरण पाहायला एवढी पायपीट कशाला? आमच्या रामकुंडावर गावोगावचे लोक अस्थी घेऊन येतात. पंचवटीतली मुलं शाळेच्या रस्त्यावर ताजं मुंडण केलेली डोकी मोजत मोठी होतात. पण गोष्ट प्रेताची नाहीच. ती आहे क्रिस नावाच्या पोराची. त्याचं घराणं गावात बदनाम. शाळेत दुधाचे पैसे चोरीला गेले, चोर कोण हे ठरवायला कुणाला मिनिट लागलं नाही. क्रिस मित्राला सांगतो. समज, पैसे मी घेतलेही. पण समज, मला वाईट वाटलं आणि ते मी बाईंना नेऊन दिले. आणि समज, पुढल्या आठवड्यात बाई नवा स्कर्ट घालून शाळेत आल्या.

बस, एवढंच. सगळं 'समज' म्हणून सांगितलेलं, कारण सरळ सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? बाईंवर 'बाईं'चा शिक्का आहे, त्याच्यावर 'त्या घरातला' असा. आपल्या गावांतून, शाळांतून 'त्या वस्तीतला', 'त्या घरातला' असं म्हणून किती पोरांना पाटीपासून दूर केलं असेल, त्याचा हिशेब कुठल्याही हजेरीपटात नाही. क्रिस त्या शिक्क्यातून धडपडत वर येतो, अभ्यास करतो, कॉलेजात पोचतो. आणि तिथे दुसऱ्यांचं भांडण सोडवायला जातो आणि जीव गमावतो. चौघांपैकी तिघं तरुणपणीच जातात. उरतो तो लेखक होतो. किंगने हे सगळं एका दमात, आवाज न चढवता सांगितलंय. भयकथावाल्याला आवाज न चढवता येतो, हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी एवढी एक गोष्ट वाचावी.

चौथी 'द ब्रीदिंग मेथड'. न्यूयॉर्कात एक क्लब आहे, तिथे पिकल्या केसांचे गृहस्थ शेकोटीपाशी बसून एकमेकांना गोष्टी सांगतात. एक डॉक्टर आपल्या उमेदीच्या, म्हणजे १९३० नंतरच्या काळातली हकिगत सांगतो. लग्न न झालेली एक बाई बाळंतपणासाठी त्याच्याकडे येते. नर्स तोंड वाकडं करते, जग तोंड फिरवतं. डॉक्टर तिला कळा सोसण्यासाठी श्वास घ्यायची एक नवी रीत शिकवतो, तर लोक त्यालाही चक्रम म्हणतात. बाई मान ताठ ठेवून दिवस काढते, श्वास शिकते. पुढे जे होतं ते मी सांगणार नाही; गरोदर बाई घरात असेल तर वाचूही नका. एवढंच सांगतो, की या बाईने शिकलेला धडा मोडला नाही, मरणानंतरसुद्धा. भुताची म्हणावी अशी काय ती ही पानं, आणि ती वाचताना भीतीपेक्षा आदर वाटतो.

खुनी, हुशार, चोर, कुमारी माता. चार गोष्टी, चार शिक्के. आपल्यावर 'भयकथावाला' असा शिक्का बसतोय हे दिसत असताना या माणसाने फावल्या वेळात नेमक्या शिक्का बसलेल्यांच्या गोष्टी लिहाव्यात, हा योगायोग आहे असं मी मानत नाही. आणि हे लिहायला भयकथा लिहिणाराच हवा होता. मराठी मध्यमवर्गाचं कुलदैवत घराघरात वेगळं असेल; कुलभूत मात्र एकच: 'लोक काय म्हणतील'. ते पिंपळावर राहत नाही, शेजारच्या गॅलरीत राहतं. अमावास्येची वाट पाहत नाही. किंगला ते चांगलं ओळखू येतं. अंधाऱ्या खोलीत माणूस नेमका कशाला घाबरतो, याचा ज्याने वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, त्याला दिवा लावलेल्या खोलीतली भीती जास्त स्पष्ट दिसते.

म्हणून पुस्तकात सगळं गोड आहे असं नाही. किंगला थांबायचा कंटाळा. जिथे एक दगड पुरे तिथे तो खडीची गाडी ओततो. 'ऍप्ट प्युपिल'मध्ये शेवटी मुडदे इतके पडतात, की टॉडच्या हसऱ्या चेहऱ्याची जी धास्ती बसली होती ती उलट कमी होते. 'द बॉडी'च्या मधेच त्याने त्यातल्या लेखकाच्या म्हणून दोन कथा घातल्यात. त्या किंगच्याच जुन्या, आधी छापून आलेल्या. दिवाळीत गेल्या वर्षीचं उटणं काढावं तसा प्रकार. आणि सगळ्यांत मोठी तक्रार बायकांबद्दल. पहिल्या गोष्टीत बाई भिंतीवर आहे किंवा थडग्यात, दुसरीत स्वयंपाकघरात, तिसरीत नव्या स्कर्टात. शेवटच्या गोष्टीत एक खरीखुरी, कण्याची बाई भेटते, तर तिची हकिगतही पुरुषांच्या क्लबातल्या डॉक्टरच्या तोंडून. शिक्क्यांबद्दल एवढं लिहिणाऱ्याच्या नजरेतून हा एक शिक्का निसटला.

या चारांपैकी तिघींचे सिनेमे झाले: 'द बॉडी'चा 'स्टँड बाय मी' १९८६ साली, तुरुंगातल्या गोष्टीचा 'द शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ साली आणि 'ऍप्ट प्युपिल'चा १९९८ साली. 'शॉशँक' आधी तिकीटबारीवर आपटला, ऑस्करची सात नामांकनं मिळून एकही बाहुली हाती आली नाही, आणि मग टीव्हीवरून तो जगाच्या घराघरांत शिरला. किंग एक किस्सा सांगतो. फ्लोरिडात एका दुकानात एक म्हातारी भेटली. तिने त्याला ओळखलं आणि सुनावलं, की तुम्ही असलं भीतीबीतीचं लिहिता, मला नाही आवडत; मला त्या 'शॉशँक'सारखं मन उभारी धरणारं आवडतं. किंग म्हणाला, बाई, ते मीच लिहिलंय. म्हातारी म्हणाली, छे, तुम्ही नाही. विषय संपला. लेखक समोर उभा राहून खरं सांगतोय आणि ऐकू जात नाही. शॉशँकचा तुरुंग तिथेही होता, फक्त बिस्किटांच्या फळ्यांमधे.

२००३ साली किंगला अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशनने साहित्यसेवेबद्दल पदक दिलं, तेव्हा हॅरल्ड ब्लूम नावाच्या बड्या समीक्षकाला ते सहन झालं नाही आणि त्यांनी जाहीर लिहून नाराजी कळवली. म्हणजे अमेरिकेतही मागली रांग आणि पुढली रांग आहे. आपल्याकडे पुढल्या रांगेत थोडी सरकासरकी झालेली दिसते. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला, आडगावात, ९४ वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीचा धनी झाला आणि आभाळ कोसळलं नाही. धारप आणि मतकरी यांना हे सुख लाभलं नाही. दोघेही गेले. भयकथा अजून मांडवाबाहेर चपला सांभाळत उभी आहे. मला तिची काळजी वाटत नाही, तिला वाचक आहेत. काळजी वाटते ती वाचकांची. कव्हर घालून वाचलेल्या पुस्तकाबद्दल माणूस कुणाशी बोलत नाही, आणि ज्याबद्दल बोलत नाही त्यातलं चांगलं-वाईट निवडायचंही शिकत नाही. धारपांचं उत्तम कोणतं, बेतलेलं किती, स्वतःचं किती, हा वाद मराठीत रंगायला हवा होता. तो काचेच्या कपाटात मागल्या रांगेत पडून राहिला.

'डिफरंट सीझन्स' मी आमच्या सरांना वाचायला दिलं. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय. आठ दिवसांनी संध्याकाळी पुस्तक घेऊन आले. खुर्चीत बसले. चहा घेतला.

"यात भूत कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाही फारसं."

"हं." जरा वेळ गेला. "ती दुसरी गोष्ट वाचलीत ना तुम्ही? तो हसरा मुलगा?"

"वाचली."

"असे दोन तरी पाहिलेत मी छत्तीस वर्षांत. गॅदरिंगला बक्षीस माझ्याच हातून गेलं. आणि दुधाच्या पैशांवाला तो दुसरा पोरगा... तसले किती होते ते मी मोजलेच नाहीत."

ते उठले, चपला घातल्या आणि पुस्तक माझ्याकडे न देता परत काखेत धरून निघाले. "अजून दोन दिवस ठेवतो," म्हणाले.

पुस्तकाला कव्हर नव्हतं.